आरपार वारं

गोलुबात्स, २१ नोव्हेंबर

ताई,

पत्ता आत्याच्या कपाटातून काढला. दर नाताळला तू तिला कॉफी पाठवतेस ना, त्या खोक्यावरचा. स्तानिका आत्या खोकी टाकत नाही, त्यात बटणं ठेवते. म्हणजे लिंत्समधला तुझा पत्ता इतकी वर्षं आपल्याच घरात बटणांवर झाकण होऊन पडला होता, आणि बाबांना वाटतं की तो कुणालाच ठाऊक नाही.

परत ये असं सांगायला लिहीत नाहीये. तुमचं भांडण तुमच्यापाशी. आई गेली तेव्हा मी सालोनिकाला एका हॉटेलात भांडी घासत होतो. पोचेपर्यंत तू निघून गेलेली होतीस आणि मी कुणाला काही विचारलं नाही, कारण विचारलं की थांबावं लागतं. तू नर्स आहेस म्हणून फक्त एक विचारायचंय. झोपताना तोंडावर मास्क लावायला हट्टी माणसाला कसं राजी करतात?

माणूस म्हणजे बाबाच, दुसरं कोण.

सप्टेंबरात त्यांनी वळणावरचा लाल बोया चिरडला. भर दुपारी. बोटीपुढं खडी भरलेले दोन पडाव, ऊन लख्ख, दानूब तेलासारखी सपाट, आणि सुकाणूवर बाबा उभ्या उभ्या झोपलेले. पेरिशानं सुकाणू ओढलं म्हणून बरं, नाहीतर पडाव कोळ्यांच्या होड्यांवर चढले असते. पेरिशा म्हणजे तोच, पुढचे दात नसलेला खलाशी, लहानपणी तुला शिंपले द्यायचा आणि मला नाही.

मग तपासण्या झाल्या. झोपेत बाबांचा घसा मिटतो, श्वास अडकतो, मग गचका देऊन सुरू होतो, पुन्हा अडकतो. रात्रभर हेच. ॲप्निया म्हणतात, तुला मी काय सांगणार. आपण लहानपणी त्याला 'बाबांचं इंजिन' म्हणायचो आणि हसायचो. बोटीचा परवाना आता थांबवलाय. बारा डिसेंबरला बेलग्रेडला वैद्यकीय मंडळापुढं उभं राहायचं आणि मशीन लावून झोप नीट होते, रक्तातला ऑक्सिजन पडत नाही, हे आकड्यांनी दाखवायचं. नाही दाखवलं तर नदी संपली. हे बाबांना माहीत आहे. त्यांना माहीत नाही ते असं की डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, नदीचं राहू दे, असंच चाललं तर एखाद्या सकाळी हे उठणार नाहीत.

मशीन म्हणजे बुटाच्या खोक्याएवढी पेटी. तिला नळी, नळीला मास्क. पेटी रात्रभर हवा फुंकते, त्यानं घसा उघडा राहतो. आता हे आपल्या घरात सांग. बसमध्ये समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या दिसल्या की आत्या ड्रायव्हरच्या आईबापांना बोल लावते. ओल्या केसांनी उंबरठा ओलांडणं इथं आत्महत्येत मोजतात. आरपार वारं लागून कोण कोण गेलं त्याची यादी आत्याला प्रार्थनेसारखी पाठ असते. तर अशा घरात एक पोरगेलासा तंत्रज्ञ येतो आणि म्हणतो, काका, ह्यातून रात्रभर वारं तुमच्या नाकात जाईल, तेच औषध.

बाबांचं तुला ठाऊकच आहे. नदीवर कोशावाचा गार वारा सात सात दिवस कानफटात मारत असतो, तेव्हा हे सदऱ्याची दोन बटणं सोडून उघड्या डेकवर उभे. घरात मात्र दार आणि खिडकी एकाच वेळी उघडी दिसता कामा नये. मी एकदा विचारलं होतं, दोन्हींत फरक काय. म्हणाले, "नदीवर असतो तो वारा. घरात शिरतं ते वारं."

मशीनला ते 'कोशावाचं पिल्लू' म्हणतात. दोन तास लावतात, मग ओरबाडून काढतात आणि गळपट्टा गुंडाळून झोपतात. आत्यानं त्यांच्या कानांत कापूस घातलाय. नाकातून शिरलेलं वारं कानातून बाहेर पडताना पडदा फाडेल, असं तिचं गणित. बोटाला रात्रभर एक चिमटा असतो, तो ऑक्सिजन मोजतो. सकाळी मी आकडे बघून क्लिनिकला कळवतो. मास्क असतो तोवर ठीक असतं, काढला की घसरतं. काल सगळ्यात खाली चौऱ्याहत्तर. आत्याला चौऱ्याऐंशी सांगितलं.

मी खरं तर दोन दिवसांसाठी आलो होतो. कालिन म्हणून माझा एक बल्गेरियन दोस्त आहे, तो गाडी घेऊन ग्रीसमध्ये कावालाला थांबलाय. क्रीटला ऑलिव्ह उतरवायला जायचंय. रोज फोन करतो.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

रेल्या


गोलुबात्स, २८ नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर नाही. पत्रं बहुतेक चालत जातात.

चांगली बातमी आधी. रविवारपासून बाबा मास्क स्वतःहून लावतात. कुरकुर नाही, ओरबाडणं नाही, सकाळपर्यंत तसाच. आत्यानं संत निकोलासच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली. मी कालिनला सांगून टाकलं की गुरुवारी निघतो, आणि पिशवी भरली.

गुरुवार आज आहे. पिशवी दाराशी आहे आणि मी इथं बसून तुला लिहितोय, कारण आकडे सुधारायच्या ऐवजी बिघडलेत. पूर्वी मास्क असताना तरी नव्वदच्या वर असायचे. आता रात्रभर मास्क आणि रात्रभर खाली. काल अडुसष्ट. सकाळी उठतात तेच डोकं धरून. चेहरा आलुबुखाऱ्यासारखा जांभळट. परवा रस्सा खाता खाता हातात चमचा धरून झोपले. आत्या म्हणाली थकलाय बिचारा, आणि चमचा हळूच काढून घेतला, जसा लहान मुलाच्या हातातून काढतात.

क्लिनिकला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, मास्क कडेनं गळत असेल, किंवा हवेचा दाब कमी पडत असेल, बघायला लागेल, पण वेळ नवीन वर्षानंतरची आहे. तोवर असंच राहिलं तर ऑक्सिजनची बाटली जोडावी लागेल. बाबा मागं उभे होते हे मला दिसलं नाही. "बाटली घेऊन बोटीवर चढू देत नाहीत," एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले.

मीही बाहेर गेलो, दुसऱ्या दिशेनं. किल्ल्यापर्यंत चालत गेलो आणि आलो. कोळ्यांच्या धक्क्यावर एक तीन पायांचं कुत्रं आहे, ते होडीत उडी मारताना कधी चुकत नाही, मी बराच वेळ तेच बघत बसलो. मला घरात बसवत नाही, ताई. भिंती जवळ येतात. बाबा म्हणतात, "तू अजून इथंच? तुझ्या पायाला भिंगरी होती ना, मुळं कधीपासून फुटली?" बोलतात हसत, पण मी खरंच निघालो असतो तर हसले नसते असं वाटतं. नक्की सांगता येत नाही.

मला आईच्या खोलीत झोपायला दिलंय. खिडकीच्या फटीत घोंगडी कोंबून वरून टेप मारलेली आहे. बघ, चार वर्षं. आतली हवा लोणच्याच्या बरणीतल्यासारखी. मी टेपचं टोक नखानं उचकटत होतो तर आत्या दारात. म्हणाली, ती खिडकी नाही उघडायची. मग पहिल्यांदा मी विचारलं की तेव्हा झालं काय. तिनं सांगितलं ते असं: आई तापानं फणफणलेली, छाती भरलेली, आणि तू तिच्या उशाशी खिडकी सताड उघडलीस. मार्च महिना, कोशावा सुटलेली. तिसऱ्या दिवशी आई गेली. दफन झालं त्या संध्याकाळी बाबा सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "तिला तापानं नाही नेलं. तू मारलंस तिला."

हे वाक्य मला माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की काहीतरी बोलले.

तू बरोबर होतीस की नाही हे मला विचारू नकोस. मी शाळेत विज्ञानाच्या तासाला कुठं असायचो ते तुला ठाऊक आहे. पण तू शिकलेली आहेस. मशीन चालू आहे, मास्क तोंडावर आहे, आणि माणूस गुदमरतोय. का?

रेल्या


गोलुबात्स, ५ डिसेंबर

ताई,

काल कार्ड आलं. चार ओळी. 'प्रिय रेल्या' नाही, 'तुझी' नाही, खाली फोन नंबर. मला तर बरं वाटलं. तुझं शिंकणंसुद्धा असंच असायचं, एकदाच आणि मोठ्यांदा. नंबर दोनदा दाबला आणि दोन्ही वेळा पुसला. फोनवर मी काहीतरी भलतंच बोलतो. पत्रात खोडता तरी येतं.

तुझे प्रश्न मी एकेक करून घेतले.

झोपण्याआधी पितात का? राकियाचा एक पेला, असं ते म्हणतात. आत्या म्हणते दोन. म्हणजे तीन. आता बाटली माझ्या पिशवीत आहे.

पाठीवर झोपतात का? झोपायचे. आत्यानं बनियनच्या पाठीला आतून दोन अक्रोड शिवले, काल रात्री कुशीवर झोपले आणि सकाळी आम्हा दोघांनाही शिव्या दिल्या.

मास्क मापाचा आहे का? आहे. कडेनं गळत नाही, मी गालापाशी हात धरून बघितला.

चौथा प्रश्न तू असा लिहिलायस: 'मास्कच्या पुढं बारीक भोकं असतात. तिथं तळहात धर. वारं लागायला हवं.' हा मी वाचला आणि बघायलाच निघालो होतो. तेवढ्यात पेरिशा नदीतल्या भल्यामोठ्या कॅटफिशचा तुकडा घेऊन आला, तुकडा म्हणजे नुसतं डोकं, बादलीत मावेना, मग सुरी शोधा, मग धार लावा, मग त्यानं बोयाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली आणि तिच्यात बोया आता चर्चएवढा झालाय. राहिलंच ते.

आज सकाळी आत्या अक्रोड आणायला बाजारात गेली. आपल्या घरच्या संत निकोलासचा दिवस, स्लावा, जवळ आलाय, प्रसादाच्या गव्हात घालायला लागतात. रोज तीच मास्क धुते. आज मी धुवायला घेतला. तुझं वाक्य आठवलं. भोकं शोधली. भोकं नव्हती.

खिडकीपाशी धरून बघितलं. होती. एका वर्तुळात, मोहरीएवढी. पण सगळी भरलेली, पिवळट कशानं तरी. नखानं उकरून वास घेतला. मध. म्हणजे मेण. मधाच्या मेणाची मेणबत्ती आपल्या घरात एकच असते, स्लावाची, आणि तिचं उरलेलं थोटूक आत्या तसबिरीमागं ठेवते.

ती आली तेव्हा मी दारातच उभा होतो. मास्क पुढं केला आणि विचारलं, हे तू केलंस? तिनं पिशवी खाली ठेवली. मास्ककडं बघितलं, मग माझ्याकडं, मग बाबांच्या खोलीच्या बंद दाराकडं. "हो," म्हणाली. "मीच. त्याच्या मानेवर वारं येत होतं."

मी पुष्कळ बोललो. ते सगळं लिहीत नाही. सोडलेला श्वास त्या भोकांतून बाहेर जायचा असतो, हे तुझ्या चौथ्या ओळीवरून मला तेव्हा लख्ख दिसत होतं, आणि आपल्याला नुकतं कळलेलं असलं की माणूस किती चढून बोलतो, ते तुला ठाऊक आहे. शेवटी मी म्हणालो, "तू मारत होतीस त्याला."

तोंडातून निघालं आणि मलाच ऐकू आलं. तेच वाक्य. मागच्या पत्रात मी ते तुला लिहिलं होतं. आपल्या घरात शेतीवाडी नाही, हे वाक्य आहे, तेच वारशानं मिळतं.

आत्यानं डोक्यावरचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला, आणि पिशवीतले अक्रोड परातीत ओतले.

मला इथून जायचंय. पण आधी हे मेण काढायला हवं.

रेल्या


गोलुबात्स, ६ डिसेंबर

ताई,

कालचं पत्र टाकून आलो आणि मगच कळलं, म्हणून लगेच हे. आत्यानं केलेलं नव्हतं ते.

मेण काढायला सुई घेऊन बसलो तर दिसलं की प्रत्येक भोक वेगळं भरलंय. दोन भोकांमध्ये मेणाचा डाग नाही. वरून पातं फिरवून सपाट केलेलं, बोट फिरवलं तर लागतसुद्धा नाही. आत्याला मोतीबिंदू आहे, सुईत दोरा मी ओवून देतो. असं काम करणारे हात ह्या घरात एकाचेच आहेत.

बाबा मागच्या पडवीत होते. होडी उपडी घातलेली, डांबराचं डबडं शेगडीवर. मी मास्क होडीच्या बुडावर ठेवला.

"भोकं तुम्ही बुजवलीत?"

त्यांनी वर बघितलं नाही. "गळत होता तो."

"गळत नव्हता, बाबा."

"तीन भोकं नाही, चार नाही, सगळं वर्तुळच गळत होतं. असला माल शहरातले देतात आणि वर सही घेतात." मग कुंचला डबड्यावर ठेवला. "रेल्या, आठव्या वर्षी माझ्या आजोबांनी माझ्या हातात सुतळी आणि डांबर दिलं. भोक दिसलं की बुजवायचं. नावेला भोक पडलं तर डॉक्टरला विचारत बसतात का?"

मला हसू आलं, आणि ते बरं झालं, नाहीतर मी पुन्हा कालचंच वाक्य बोललो असतो. मी विचारलं की आत्याला माहीत होतं का. म्हणाले, तिनं दुसऱ्या दिवशी धुताना बघितलं आणि उलट म्हणाली, बरं केलंस, मानेवर वारं यायचं. ते वारं बंद झालं म्हणूनच तर मास्क सहन व्हायला लागला. झोपही गाढ लागायला लागली.

"झोप नव्हती ती," मी म्हटलं. "गुंगी होती." आणि मग जमेल तसं सांगितलं. पेटी हवा आत ढकलते. नळी एकच. सोडलेला श्वास जाणार कुठून? त्या भोकांतून. ती बंद, म्हणून स्वतःचा उष्टा श्वास रात्रभर परत परत ओढत होते. म्हणून सकाळचं डोकं. म्हणून आकडे.

त्यांनी कुंचल्यासकट डबडं शेगडीवरून खाली उतरवलं.

"म्हणजे चूल पेटवली आणि धुराडं बुजवलं."

"हो."

"मी."

"हो."

त्यांनी हात पुढं केला, मी मास्क दिला. जाळी विणायची बारीक सुई काढली, तिचं टोक शेगडीवर तापवलं, हात वरचेवर झटकून निववलं, आणि एकेक भोक मोकळं केलं. प्रत्येक उजेडाला धरून बघितलं. शेवटी गरम पाण्यातून काढून मास्कच्या आतून फुंकर मारली आणि पुढं स्वतःचा तळहात धरला.

"तळहात धरायचा हे तुला कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, इंटरनेटवर होतं.

"इंटरनेटचं अक्षर तुझ्या बहिणीसारखं आहे," ते म्हणाले. तुझं कार्ड मी रेडिओच्या मागं खोचलं होतं. एवढं बोलून पुन्हा होडीला लागले.

आत्याकडं गेलो. खोटं का बोललीस विचारलं. म्हणाली, तू रोज त्या लोकांना आकडे कळवतोस, हेही कळवलं असतंस. कप्तानानं स्वतःच्या हातानं मशीन बुजवलं असं मंडळाला कळलं तर ते त्याला नदी देतील का? म्हाताऱ्या बहिणीनं केलं म्हटलं तर कोण काय करणार. मी माफी मागायला लागलो. तिनं माझ्यापुढं परात सरकवली आणि म्हणाली, "तोंड पुरे झालं, अक्रोड फोड."

फोडले. सगळे.

रेल्या


गोलुबात्स, १३ डिसेंबर

ताई,

हे पत्र टपालानं नाही. पोझारेवात्सहून लिंत्सला जाणाऱ्या बसचा ड्रायव्हर आहे, त्याच्या हाती देतोय. लिफाफ्यावर तुझा नंबर लिहिलाय, तो स्टँडवरून फोन करेल. जाड मिशीचा माणूस आहे, बडबड्या. पत्राबरोबर डबा आहे. डब्यात काय आहे ते आत्यानं मला दाखवलं नाही.

आधी काल काय झालं ते. भोकं मोकळी केल्यापासून आकडे एकदाही नव्वदच्या खाली गेले नाहीत. पहिल्या सकाळी मी चिमटा बिघडला समजून स्वतःच्या बोटाला लावून बघितला. बाबांच्या चेहऱ्याचा जांभळा रंग उतरलाय. स्वप्नं पडतात म्हणाले. किती वर्षांनी. काय पडतात विचारलं तर म्हणे, बोयाचीच. मंडळानं आकडे बघितले, बाबांना बघितलं, आणि वसंतापर्यंत बोटीवर जायला मुभा दिली, पण एकट्यानं सुकाणू धरायचं नाही, शेजारी दुसरा हवा. दुसरा म्हणजे पेरिशा. बाबा परतीच्या बसमधून उतरताना म्हणाले, "पेरिशा सुकाणूवर आणि मी त्याला कॉफी करून द्यायची. साखर किती घेतो तो?" म्हणजे जाणार आहेत.

मला वाटलं झालं. कालिनला फोन करायला अंगणात गेलो होतो. पण आज सकाळी जे झालं ते सांगायला हे पत्र आहे.

कॉफी चालली होती. आत्यानं सवयीनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. बाहेर कोशावा सुरू झालेली. बाबा कपात बघत म्हणाले, "स्तानिका, आठवडा झाला, रात्रभर माझ्या नाकात वारं भरतंय."

"भरतंय खरं."

"पडसंसुद्धा नाही."

"देवाची कृपा."

"आणि वारं बुजवलं तेव्हा मरत होतो."

मी पाव हातात धरून बसलो होतो, खाली ठेवायची हिंमत होईना.

"मग रुझा कशानं गेली?" बाबांनी विचारलं.

आईचं नाव मी त्यांच्या तोंडून किती वर्षांनी ऐकलं. आत्या म्हणाली, "ताप होता तिला, झार्को. छाती भरली होती."

"ते आधीपासून होतं."

"आधीपासून."

"खिडकी उघडली तेव्हा तू खोलीत होतीस. काही बोलली ती?"

आत्यानं रुमालाचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "म्हणाली, आता जरा बरं वाटतंय."

वारा धुराड्यात हुंकारत होता.

"हे तू मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. मी पण घाबरले होते, झार्को. मला पण वाटलं होतं की वाऱ्यानंच गेली."

बाबा उठले. पडवीतून त्यांचं पातं आणलं, तेच, मेण सपाट करायचं, आणि आईच्या खोलीत गेले. टेप कापली. घोंगडी ओढून काढली, ती दगडासारखी झालेली. खिडकी फुगून बसली होती, हलेना. मी पुढं झालो तर हातानंच थांबवलं. खांदा लावून एकदा ढकलली, दोनदा ढकलली, आणि ती उघडली.

ताई, काय वारं आलं. नदी अख्खी घरात आली म्हण. पडदा छताला, स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं, स्लावाच्या पावासाठी चाळून ठेवलेलं पीठ उडून आत्याच्या काळ्या पोलक्यावर बसलं. आरपार. दार उघडं, खिडकी उघडी, आणि त्यांच्या बरोब्बर मध्ये आत्या. मला वाटलं आता ओरडेल. तिनं रुमाल घट्ट बांधला आणि तिथंच बसून राहिली. एकदाच म्हणाली, "झार्को, किती वेळ?"

"राहू दे जरा," बाबा म्हणाले. ते खिडकीशी उभे होते. सदऱ्याची दोन बटणं सोडलेली.

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिला लिही."

मी विचारलं काय लिहू. त्यांनी चौकटीवरचा टेपचा राहिलेला तुकडा खरवडून काढला. मी म्हटलं, स्लावाला ये असं लिहू का? तर एकदम चिडले. आपल्या घरात कधी कुणाला स्लावाचं बोलावणं गेलंय का? घराच्या संताच्या दिवशी कुणाला बोलावत नाहीत. ज्याला दिवस ठाऊक असतो तो येतो, दार उघडं असतं. एवढंही तुला शिकवलं नाही का, भटक्या?

"मग काय लिहू?"

"तारीख लिही."

"तारीख तिला माहीत आहे, बाबा."

"माहीत आहे तीच लिही."

कालिनला सांगितलंय की ऑलिव्ह माझ्याविना गळून पडत असतील तर पडू देत, मी वीस तारखेला निघेन. पिशवी भरलेलीच आहे, राकियाची बाटली तेवढी काढून आत्याला परत दिली. तुझ्या खोलीतही एक खिडकी आहे, ती आम्ही आज उघडून बघितली, उघडते. आत्या म्हणते की तू शाल आणलीस तर बरं, आणि मला म्हणते, हे लिहिलंस तर ते बोलावणं होईल का ते आधी बाबांना विचार. मी विचारलं नाही.

तर हे बोलावणं नाही. बाबांनी सांगितलं तेवढंच लिहितो.

एकोणीस डिसेंबर.

रेल्या